ओपलला दूध चालत नाही

माझ्या दुकानात अंगठी घ्यायला आलेल्या माणसाला मी आधी रागावते आणि मग अंगठी देते. "कणीक मळताना काढून ठेवणार का? सेंट मारायच्या आधी घालणार की नंतर? देवापुढे दुधात बुडवणार आहात का, खरं सांगा." गिऱ्हाईक बावरतं, सोबत आलेला नवरा हसतो, आणि मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं घेतल्याशिवाय बिल करत नाही. लोणावळ्याच्या लोकांना आता त्याची सवय झाली आहे. शनिवार-रविवारी फिरायला आलेली मंडळी मात्र बाहेर पडताना 'बाई जरा तिरसटच आहे' असं मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणतात. म्हणू देत. ही खोड मला आबांकडून लागली, आणि ती लागली म्हणून आज या खुर्चीवर मी बसते.

बी.कॉम. झाल्यावर मी वडगाव मावळच्या एका सराफी दुकानात कामाला लागले. आबा तिथे खडे बसवायचे. दुकानाच्या डाव्या कोपऱ्यात एक लाकडी फळी, तिच्यामागे स्टूल आणि स्टुलावर आबा. अंगात बंडी, डोक्याला टोपी, आणि गळ्यात काळ्या करगोट्यात ओवलेलं भिंग. कमरेला बांधायचा करगोटा गळ्यात का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. "कमरेला बांदलं तर बगायला वाकावं लागंल," असं उत्तर मिळालं. फळीवर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'खडे बसवून, धुऊन व पॉलिश करून मिळतील. भविष्य विचारू नये.'

ही शेवटची ओळ लिहिण्याची पाळी लोकांनीच आणली होती. पुष्कराज बसवायला आलेला माणूस हमखास विचारायचा, आबा, ह्याच्याने नोकरी लागेल ना? आबा भिंग डोळ्याला लावून खडा उलटासुलटा करायचे आणि म्हणायचे, "ह्येला स्वतालाच अजून कोंदणात जागा मिळाली न्हाई. तुमाला कुटनं नोकरी दील?"

आबांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, किंवा ते ठेवत नसत. ते माणसाला खड्याच्या नावाने हाक मारायचे. आमचे शेठ म्हणजे गोमेद. "उन्हात बगितलं की मध, सावलीत बगितलं की काळं." समोरच्या बँकेतला कारकून फिरोजा होता, कारण फिरोजा घामाने रंग बदलतो आणि साहेब समोर आला की कारकून बदलायचा. पोस्टमन पोवळं, पोस्टाच्या लाल पेटीवरून. तालुक्याच्या कोर्टातले एक वकील रोज दुकानावरून जाताना आबांना रामराम करायचे, त्यांना आबा 'अमेरिकन डायमंड' म्हणायचे, आणि वकिलांना तो मान वाटायचा. नव्याने आलेलं कुणीही माणूस मात्र काच. मी दीड वर्ष काच होते. ए काच, चिमटा दे. ए काच, दिवा जवळ घे.

"माझा जन्म ऑक्टोबरचा आहे आबा," मी एकदा चिडून म्हटलं. "म्हणजे मी ओपल. आपल्या कॅलेंडरवरच छापलंय."

"आसशील. पर तुला ओपल म्हणायला अजून लय टाइम हाय."

जन्ममहिन्याच्या खड्यांवर त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. राशीचे खडे ज्योतिषांनी वाटले, महिन्याचे खडे लांबच्या मुलखातल्या सोनारांनी एकत्र बसून वाटले, आणि खड्यांना कुणी विचारलंच नाही. त्यांची स्वतःची तर वेगळीच पंचाईत होती. आई सांगायची, तू भात झोडायच्या दिवसांत झालास. म्हणजे नोव्हेंबर धरला तर पुष्कराज आणि डिसेंबर धरला तर फिरोजा. शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांचा लिहिला तसा त्यांचाही जन्म एक जूनचा लिहिला. "म्हंजी कागदावर मी मोती. आता कंचा घालू?" म्हणून त्यांनी आयुष्यभर एकही अंगठी घातली नाही. पुढे त्यांना मोतीबिंदू झाला तेव्हा म्हणाले, बघ, दाखल्यावरचा मोती शेवटी डोळ्यात येऊन बसला.

आबा खडे धुवायचे ते बघण्यासारखं असे. हिऱ्याला कोमट पाण्यात साबण, मोत्याला फक्त ओलं मऊ फडकं, पाचूला नुसतं पाणी आणि तेही हलक्या हाताने. अंगठीच्या कोंदणात अडकलेला मळ ते बाभळीच्या काट्याने काढत. सुईने ओरखडा उठतो, काट्याने उठत नाही. आपल्या गावाहून, वलवणहून, येताना ते काटे खिशातून घेऊन यायचे. मळ काढता काढता समोरच्या बाईच्या घरचा सगळा स्वयंपाक ते वाचून दाखवायचे. "काल पुरण घातलंतं व्हय? ही हरभऱ्याची डाळ. आन् ही हळद परवाची." बायका तोंडाला पदर लावून हसत, पण पुढच्या वेळी येताना अंगठी घरूनच धुऊन आणत. चिक्की खाऊन आलेल्या हाताला तर आबा खड्याला शिवूच देत नसत. आधी बाहेरचा नळ, मग खडा.

एके दिवशी शेठनी ओपलची पुडी आणली. आबांनी सगळी कामं बाजूला सारली आणि फळीवर काळं कापड अंथरलं. पांढरट, दुधी खडे. पण दिव्याखाली जरा कलते केले की आतून हिरवं, केशरी, लाल असं काहीतरी धावत जायचं. मी तोपर्यंत खडे विकत होते, पण खड्याकडे अशी बघत बसले नव्हते.

"हबसाणातनं आलाय," आबा म्हणाले. इथिओपियाला ते हबसाण म्हणत. "ऑस्ट्रेलियाचा येगळा, त्यो पाणी पीत न्हाई. ह्यो पितो. ह्येच्या अंगाला डोळ्याला दिसत न्हाईत आशी भोकं आस्त्यात." मग जरा वेळाने, "लोक ह्येला अपशकुनी म्हणत्यात, म्हाईत हाय का? कुणी बदनाम केला? आमी. खडे बसवनाऱ्यांनी. बसवताना हात जड पडला की ह्यो तडकतो. मग गिऱ्हाइकाला काय सांगायचं? सांगितलं, खडाच वाईट." हे सांगताना ते एवढे रागावले होते की जणू तो गुन्हा कालच घडला होता आणि गुन्हेगार दुकानातच बसला होता.

त्यातला सर्वांत देखणा खडा, सहा रत्तीचा, मी विकला. माझी ती पहिली मोठी विक्री. घेणाऱ्या थोरल्या मावशी; सगळं गाव त्यांना याच नावाने ओळखायचं. वडगावात त्यांचं घर मोठं, जमीन मोठी आणि आवाज त्याहून मोठा. दसऱ्याला सुनेच्या बोटात अंगठी घालायची होती. सून ऑक्टोबरची, आणि त्यांच्या ज्योतिषांनीही शुक्रासाठी ओपलच सांगितलेला. आबांनी दोन दिवस खपून तो बसवला. बोटाला टेकावा म्हणून मागून उघडा ठेवला. मग मला समोर बसवून एक चिठ्ठी लिहायला लावली: 'या खड्याला पाणी, दूध, तेल, सेंट काहीही लावू नये. पूजा करायची तर फूल वाहावे.'

"चिठ्ठी डबीत घाल. आन् तोंडानं बी सांग. वाचत न्हाईत कुणी."

थोरल्या मावशी अंगठी न्यायला आल्या त्या गाडी रस्त्यातच उभी करून. शेठ उभे, मी उभी. "उद्या शुक्रवार. रात्रभर कच्च्या दुधात ठेवते, सकाळी गंगाजल, की झालं," असं त्या स्वतःच म्हणाल्या. माझ्या जिभेवर शब्द आले होते. पण एवढ्या मोठ्या घरच्या बाईला, तिच्या देवाधर्मातलं, मी नवलाख उंबरे गावच्या शेतकऱ्याची पोरगी काय सांगणार? मी नुसती हसले. चिठ्ठी माझ्या खणातच राहिली. संध्याकाळी आबांनी विचारलं, "सांगितलंस?" मी म्हटलं, हो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतं न उघडतं तोच थोरल्या मावशी हजर. अंगठी त्यांनी काउंटरवर आपटली नाही, ठेवली, आणि तेच जास्त वाईट होतं.

"माझा खडा कुठाय?"

मी अंगठी उचलून पाहिली. अंगठी तीच, कोंदण तेच, पण खडा आरपार झाला होता. ना दुधी, ना हिरवा, ना लाल. त्यातून खालचं मखमली कापड दिसत होतं.

"ही काच हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्या पोरीनं डबी भरताना बदलली. रात्री दिव्याच्या उजेडात मला कळलं न्हाई, सकाळी दुधातनं काढली तवा कळलं."

शेठ घामाघूम. त्यांनी अंगठी इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली. बिलावरच्या वजनापेक्षा जवळजवळ शंभर मिलीग्रॅम जास्त. झालं. वजन जुळत नाही म्हणजे खडा दुसरा. हे मलासुद्धा पटलं, यावरून माझी काय अवस्था झाली होती ते समजावं. माझी पर्स उलटी केली गेली. खण बाहेर ओढला गेला. चार पेनं, लोकलचा पास, एक कंगवा, आणि ती घडी घातलेली चिठ्ठी. शेठनी चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. आबांनी मात्र पाहिलं. त्यांनी ती उचलली, बंडीच्या खिशात घातली आणि माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या बघण्यापेक्षा पोलीस परवडले असते.

शेठ पोलिसांचं नाव काढतच होते. आबा फळीमागून उठून आले, भिंग लावून अंगठी बघितली, काट्यावरचा आकडा बघितला, आणि चक्क हसले.

"शेठ, काच दूद पीत न्हाई."

"म्हणजे?"

"वजन वाडलंय नव्हं? कुटनं आलं? दुधातलं पाणी प्यालाय त्यो. काच रातभर बुडवा, वरीसभर बुडवा, एक गुंज वाडायची न्हाई. ही काच आस्ती तर वजन रातच्या रातीत कशानं वाडलं आस्तं?"

"काच आधीपासूनच जड असेल," शेठ म्हणाले.

"आसंल. मग ती तेवडीच ऱ्हाईल. आन् ओपल आसंल तर रोज हलका हुईल. बिलावरच्या आकड्यावर यील आन् तितंच थांबंल. रंग बी यील. आठ दिस द्या." मग थोरल्या मावशींकडे वळून, "अंगठी ह्या कपाटात ठिवू, किल्ली तुमीच न्या. रोज अकराला या, तुमच्या हातानं उगडा, तुमीच काट्यावर ठिवा. न्हाई आला रंग, तर माजी फळी काडा हितनं. तीस वरसं हाय ती."

थोरल्या मावशींनी किल्ली घेतली. शेठना मात्र आठ दिवस धीर नव्हता. अंगठी दिव्याखाली ठेवू, केस वाळवायचं मशीन लावू, असं त्यांचं चाललं होतं. अंगठी कपाटात जाईपर्यंत आबा काउंटरला पाठ लावून उभेच राहिले. ऊन नाही, दिवा नाही, वारा नाही. घाईने वाळवला तर तडकेल आणि मग ब्रह्मदेव आला तरी खरं-खोटं कळणार नाही.

दुपारी मी त्यांच्या फळीशी जाऊन रडले आणि कबूल केलं. मी सांगितलं नव्हतं आबा. आता जाऊन सगळ्यांना सांगते.

"आत्ता न्हाई. आत्ता सांगितलंस तर चोर सबब सांगतोय म्हनतील. आदी खडा त्येचं खरं दाखवू दे. मग तुजं तू दाखव." ते काट्याने कुठल्याशा अंगठीतली कणीक काढत होते. जरा वेळाने म्हणाले, "काच हाईस तू काच."

दुसऱ्या दिवशी वजन उतरलं. थोडंच, पण उतरलं. थोरल्या मावशींनी चष्मा पुसून आकडा दोनदा वाचला. तिसऱ्या दिवशी आणखी उतरलं. मला वाटलं, सुटले. आणि चौथ्या दिवशी कपाट उघडलं तर खडा पांढराफटक. आरपारपणा गेला आणि त्या जागी चुन्याचा खडा यावा तसं काहीतरी आलं. रंगाचा मागमूस नाही.

"आता चुना झाला," थोरल्या मावशी म्हणाल्या. "आबा, लय झालं."

त्याच दिवशी कुणीतरी सांगितलं म्हणून माझे वडील नवलाख उंबऱ्याहून आले होते. चप्पल बाहेर काढून दुकानाच्या दारात उभे. माझ्या वडिलांना कुणापुढे असं उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं आणि ते मला सहन होईना. आबांनी त्यांना हाताला धरून आत आणलं, खडा दाखवला आणि विचारलं, "भाऊ, भाताचं रोप लावल्यावर चार दिस कसं दिसतंय?"

वडील गोंधळले. "पिवळं पडतंय."

"मग तुमी उपटून टाकता का?"

"न्हाई. मूळ धरलं की हिरवं हुतंय."

"मंग!" आबा म्हणाले, आणि हे 'मंग' त्यांनी थोरल्या मावशींकडे बघून म्हटलं. "भरलेला असतो तवा आरपार. निम्मा वाळला की चुना. पुरा वाळला की ओपल. मधल्या वाटंवर हाय त्यो." थोरल्या मावशीही भातशेतीवाल्याच. कपाटाला किल्ली लावून गेल्या.

पाचव्या दिवशी वडगावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक झाली होती. बँकेतला फिरोजा चहाच्या निमित्ताने डोकावून गेला. वकील आपणहून येऊन म्हणाले, गरज पडली तर मी आहे. वजन बिलाच्या जवळ आलं होतं. खडा तसाच पांढरा. मी रात्री जेवले नाही. खरं तर चार दिवस नीट जेवलेच नव्हते.

सहाव्या दिवशी अकराला थोरल्या मावशी आल्या त्या सुनेला घेऊन. त्यांनी कपाट उघडलं, अंगठी हातात घेतली आणि दाराशी उजेडात नेली. मी काउंटरची कडा धरून उभी, आणि त्या दिवशी पुन्हा आलेले माझे वडील दारातल्या गर्दीत. सूनबाईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "आत्या, कडेला हिरवं दिसतंय."

खरंच दिसत होतं. एका कडेला हिरव्या रंगाची बारीक रेघ. थोरल्या मावशींनी हात जरा कलता केला आणि ती रेघ खड्यातून पळत दुसऱ्या टोकाला गेली, मागून केशरी, मागून लाल. दारात उभे असलेले सगळे एकदम ओरडले. माझे वडीलही ओरडले. शेठ तर स्वतःच्याच दुकानात टाळ्या वाजवत होते. आबा जागचे हलले नाहीत. "काटा," एवढंच म्हणाले. थोरल्या मावशींनी अंगठी काट्यावर ठेवली. आकडा थरथरला, थांबला. शेठनी बिल उलगडलं आणि मोठ्याने वाचलं. शेवटच्या आकड्यापर्यंत तेच.

शेठनी माझी माफी मागितली. थोरल्या मावशींनी सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पोरी, माझी चूक झाली." एवढ्या मोठ्या बाईने हे एवढ्या माणसांत म्हणावं! माझं नाव लखलखीत झालं होतं. मी गप्प राहिले असते तरी कुणाला काही कळलं नसतं.

आबांनी खिशातून ती चिठ्ठी काढली आणि माझ्यापुढे फळीवर ठेवली.

मी ती उचलली. "या खड्याला पाणी, दूध, तेल, सेंट काहीही लावू नये," मी सगळी चिठ्ठी वाचली. "मावशी, ही चिठ्ठी आबांनी तुमच्यासाठी लिहून घेतली होती. तोंडाने सांगायलाही बजावलं होतं. तुम्ही दुधाचं बोललात तेव्हा मी गप्प बसले. तुम्हाला सांगायची मला भीती वाटली. आबांना मात्र खोटंच बोलले, की तुम्हाला सांगितलं म्हणून."

शेठचा चेहरा पडला. वडिलांनी मान खाली घातली. थोरल्या मावशी माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांच्या त्या मोठ्या आवाजात असं हसल्या की काउंटरची काच हादरली. "सांगितलं आसतंस तरी मी ऐकलं नसतं गं! पर आता सांग. माझ्या सुनेला सांग. जोरात सांग, ह्या सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

आणि मी सांगितलं. कणीक, सेंट, तेल, दूध, ऊन, सगळं. सूनबाई शाळेतल्यासारख्या मान हलवत होत्या. दारातला एक माणूसही हलला नाही. माझं संपलं तेव्हा आबा स्टुलावर जाऊन बसले होते, भिंग डोळ्याला लावून दुसरीच कुणाची तरी अंगठी बघत होते. मान वर न करता त्यांनी हाक मारली.

"ए ओपल, च्या सांग. समद्यांना सांग."

मी पायरी उतरून रस्त्यावर आले आणि चहाची अशी काही ऑर्डर दिली की ती वडगाव स्टेशनापर्यंत ऐकू गेली असावी.